घरी राहून दारू सोडणारा रुग्ण : परिचारिकेने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे

दारूवर शरीर अवलंबून असलेल्या प्रत्येक रुग्णाला दाखल करावे लागत नाही. ज्याला सौम्य ते मध्यम त्रास होण्याची शक्यता आहे, ज्याला दुसरा गंभीर आजार नाही आणि ज्याच्या घरी भरवशाचा माणूस आहे, अशा रुग्णाची दारू ओपीडीतून रोज तपासणी करून सुरक्षितपणे सोडवता येते. औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. पण रुग्णाची निवड नीट झाली का, पहिली गोळी योग्य वेळी पडली का आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण बिघडतो आहे हे वेळेत कळले का, या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात परिचारिकेवर अवलंबून असतात.

या कामातील बहुतेक चुका क्रमाच्या असतात. रुग्णाला ‘आजपासून थेंबही नको’ असे सांगितले जाते आणि औषध मात्र चार दिवसांनी सुरू होते. लक्षणांचे गुण, म्हणजे त्रास किती तीव्र आहे हे दाखवणारे आकडे (टप्पा ५), काटेकोरपणे भरलेले असतात, पण शेवटचा घोट केव्हा घेतला याची नोंद कुठेच नसते. थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ ची, आठवण ग्लुकोजची बाटली अर्धी संपल्यावर होते. पुढील टप्पे त्यामुळे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. औषधांचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे डॉक्टरांचा लेखी आदेश गृहीत धरलेला आहे.

## सुरुवात करण्यापूर्वी : तासांचे गणित

विथड्रॉवलची, म्हणजे दारू थांबवल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची, सगळी देखरेख शेवटच्या घोटाच्या वेळेपासून मोजली जाते, म्हणून खालील कालक्रम पाठ असावा.

- ६ ते १२ तास : हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी, झोप न लागणे.
- १२ ते २४ तास : काहींना भास होतात, पण या भासांच्या वेळी रुग्ण सहसा पूर्ण भानावर असतो.
- ६ ते ४८ तास : फिट येण्याचा धोका.
- ४८ ते ९६ तास : डिलिरियम ट्रेमन्स, म्हणजे डीटी, सुरू होण्याचा काळ. यात गोंधळ, तीव्र कंप, ताप, वाढलेली नाडी आणि भास एकत्र येतात आणि उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो.

साधा त्रास बहुधा २४ ते ७२ तासांत टोकाला जातो आणि पाच ते सात दिवसांत ओसरतो. दुसऱ्या दिवशी बरा दिसणारा रुग्ण धोक्याबाहेर गेला असे समजणे हा या वेळापत्रकाचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. कारण डीटीचा काळ तेव्हा जेमतेम सुरू होत असतो.

## टप्पा १ : पिण्याचा खरा इतिहास घेणे

‘किती पिता?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर सहसा निरुपयोगी असते. पेग हे घरोघरी बदलणारे माप आहे, आणि रुग्ण बहुधा स्वतःला सोयीचा आकडा सांगतो. त्याऐवजी कालचा दिवस तासातासाने विचारावा. ‘काका, काल सकाळी उठल्यावर पहिला घोट किती वाजता घेतलात? बाटली केवढी होती? संध्याकाळी त्यात किती उरली होती? रात्री जाग आल्यावर पुन्हा घेतलीत का?’ असे विचारले की आकडा आपोआप बाहेर येतो, आणि सकाळी थरथर थांबवण्यासाठी प्यावी लागते का, हेही त्यातच कळते.

प्रमाण ग्रॅममध्ये लिहावे. मिलिलिटरला अल्कोहोलच्या टक्केवारीने आणि ०.७८९ ने गुणून १०० ने भागले की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ४० टक्क्यांची २०० मिलिलिटर दारू म्हणजे सुमारे ६३ ग्रॅम. एक प्रमाणित पेय १० ग्रॅमचे धरले तर ही सहाहून थोडी अधिक पेये झाली.

त्यानंतर पुढील बाबी एकेक करून विचाराव्यात आणि ‘नाही’ हे उत्तरही लिहून ठेवावे.

१. शेवटचा घोट : तारीख आणि वेळ.
२. पूर्वी दारू थांबवल्यावर फिट, डीटी किंवा भास झाले होते का. प्रत्येक खेपेला त्रास वाढत गेला असेल तर तेही लिहावे. वारंवार सोडणे आणि पुन्हा सुरू करणे यातून पुढची खेप अधिक तीव्र होऊ शकते.
३. झोपेच्या किंवा शांततेच्या गोळ्या, अफूजन्य औषधे, इतर नशा.
४. यकृत, हृदय, श्वसन, मधुमेह, फिटचा जुना आजार, डोक्याला अलीकडे झालेली इजा.
५. गर्भधारणेची शक्यता.
६. स्वतःला इजा करण्याचे विचार. हा प्रश्न थेट आणि रुग्ण एकटा असताना विचारावा.
७. गेल्या काही आठवड्यांतील जेवण आणि वजन.

नातेवाइकांकडून हीच माहिती स्वतंत्रपणे घ्यावी. दोन्ही कथनांत तफावत आढळली तर वाद न घालता दोन्ही आकडे नोंदवावेत आणि नियोजन मोठ्या आकड्यावर करावे.

इशारा : या टप्प्यावर रुग्णाला दारू लगेच बंद करायला सांगू नये. औषध सुरू होण्याचा दिवस ठरेपर्यंत त्याने अचानक थांबू नये आणि वाढवूही नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि असे सांगितल्याचे नोंदवावे. नातेवाइकांना हा सल्ला विचित्र वाटतो. म्हणून त्याचे कारण, म्हणजे औषधाविना अचानक थांबल्यास फिट येऊ शकते, त्यांनाही समजावून सांगावे.

## टप्पा २ : तपासणी, आणि कोणाला घरी ठेवू नये हे ठरवणे

नाडी, रक्तदाब, तापमान, श्वसनगती, ऑक्सिजनचे प्रमाण, बोटातील रक्तातली साखर आणि वजन ही किमान मोजमापे आहेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्तचाचण्यांत यकृत आणि मूत्रपिंडाचे कार्य, रक्तगणना आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे क्षार आहेत का ते पाहावे. फार दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णात हे क्षार जेवण सुरू झाल्यावर धोकादायक रीतीने घसरू शकतात.

त्यानंतर रुग्णाला चालायला सांगावे. हे साधे वाटते, पण याच पावलांत खूप काही दिसते. पाय फाकवून, भिंतीचा आधार शोधत चालणारा रुग्ण, बोटाचा माग घेताना थरथरणारे डोळे आणि बोलण्यातला गोंधळ यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वेर्निके एन्सेफॅलोपथीचा, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, संशय घ्यावा. पुस्तकात या आजाराची तीन लक्षणे एकत्र दिलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एकदम दिसणारे रुग्ण थोडेच असतात. म्हणून तिघांची वाट पाहणे चुकीचे ठरते.

खालीलपैकी एकही बाब असेल तर घरी राहून दारू सोडवण्याचा बेत थांबवावा आणि दाखल करण्याविषयी डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे :

- पूर्वी विथड्रॉवलमध्ये फिट किंवा डीटी झालेला असणे;
- सध्या गोंधळ, भास, ताप किंवा वेर्निकेचा संशय असणे;
- गर्भधारणा;
- यकृत, हृदय किंवा श्वसनाचा गंभीर वा अस्थिर आजार;
- आत्महत्येचे सक्रिय विचार;
- शांततेच्या गोळ्यांवरही अवलंबन असणे;
- तोंडाने औषध पोटात न टिकणे;
- रात्रंदिवस सोबत राहणारे, स्वतः न पिणारे प्रौढ माणूस नसणे;
- आणीबाणीत रुग्णालयात पोहोचण्याची खात्रीची सोय नसणे.

यादीतल्या शेवटच्या दोन बाबींकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण त्या रक्ततपासणीत येत नाहीत. माझ्या मते मात्र त्या फिटच्या इतिहासाइतक्याच निर्णायक आहेत. रात्री दोन वाजता फिट आल्यावर दार उघडणारे कोणी नसेल, तर दिवसा केलेली उत्तम देखरेख कामाला येत नाही.

तपासून पाहा : लक्षणांचे गुण आज कमी आहेत एवढ्यावरून रुग्ण घरी ठेवण्यायोग्य ठरवला जात आहे का? ज्याने दोन तासांपूर्वीच प्यायली आहे त्याचे गुण कमीच येणार. निवड पूर्वेतिहासावर आणि परिस्थितीवर करावी. गुण हे नंतरच्या देखरेखीचे साधन आहे.

## टप्पा ३ : घर आणि सोबतीण किंवा सोबती तयार करणे

सुरुवातीचा दिवस आठवड्याच्या आरंभी ठरवावा, म्हणजे दुसरा ते चौथा दिवस ओपीडी चालू असतानाच येतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरू केलेले औषध म्हणजे सर्वांत धोक्याचे तास कोणीही न पाहणे.

सोबत राहणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून, रुग्णाच्या संमतीने, पुढील गोष्टी शिकवाव्यात. घरातील सगळी दारू पहिल्या गोळीच्या आधी काढून टाकायची. त्यात अल्कोहोल असलेले माउथवॉश, खोकल्याची औषधे आणि हात स्वच्छ करण्याचे द्रावणही आले. औषध कुलपात ठेवायचे आणि प्रत्येक मात्रा स्वतःच्या हाताने द्यायची. गोळी देण्याआधी रुग्णाला हाक मारायची; तो डोळे उघडून नीट उत्तर देत नसेल, पेंगत असेल किंवा प्यायल्याचा वास येत असेल तर गोळी द्यायची नाही, फोन करायचा. हाक मारूनही जाग येत नसेल तर थेट रुग्णवाहिका बोलवायची. उपचाराच्या काळात रुग्णाने वाहन चालवायचे नाही, उंचावर किंवा यंत्रावर काम करायचे नाही, न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही.

हे सारे सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘ताई, आज रात्री ते घामाघूम होऊन कोपऱ्यात कोणी उभे आहे असे म्हणू लागले तर तुम्ही आधी काय कराल?’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्या तोंडून ऐकावे. उत्तर अडखळले तर तेवढाच भाग पुन्हा शिकवावा.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहून द्याव्यात : औषधाचे वेळापत्रक, दिवसा आणि रात्री फोन करण्याचे क्रमांक, आणि थेट रुग्णालयात नेण्याची लक्षणे. वाचता न येणाऱ्या घरात गोळ्यांची चित्रे आणि सूर्य-चंद्र काढून हेच काम होते.

## टप्पा ४ : पहिला दिवस

रुग्णाला सकाळी लवकर, सोबतच्या व्यक्तीसह बोलवावे. कामाचा क्रम असा ठेवावा.

१. शेवटच्या घोटाची वेळ पुन्हा विचारा. ठरलेल्या बेतापेक्षा ती वेगळी असण्याची शक्यता असतेच. श्वासातील अल्कोहोल मोजण्याचे यंत्र असल्यास वाचन घ्यावे.

२. मोजमापे आणि लक्षणांचे गुण घ्या. इथे एक खाचखळगा आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याच्या श्वासात अल्कोहोल शिल्लक असतानाही त्याला थरथर आणि घाम सुटू शकतो. म्हणून यंत्रावर शून्य येण्याची वाट पाहत त्याला बाकावर बसवून ठेवू नये. यंत्राचे वाचन आणि लक्षणांचे गुण हे दोन्ही आकडे डॉक्टरांना एकत्र सांगावेत. याउलट रुग्ण उघडपणे नशेत असेल, जीभ जड झाली असेल, तर शांततेची गोळी देऊ नये. दारू आणि ही गोळी मिळून श्वसन मंदावते.

३. थायमिन आधी. ठरलेली मात्रा ग्लुकोजच्या किंवा पिष्टमय आहाराच्या आधी द्यावी. दारू पिणाऱ्याच्या आतड्यातून थायमिन नीट शोषले जात नाही. त्यामुळे खंगलेल्या रुग्णाला ते इंजेक्शनने द्यायचे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा : रक्तातील साखर धोकादायक पातळीला उतरली असेल तर थायमिन सापडेपर्यंत ग्लुकोज रोखून धरू नये. दोन्ही एकत्र द्यावेत.

४. औषधाचा आदेश वाचा. ओपीडीत बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखी दीर्घकाळ टिकणारी शांततेची गोळी ठरावीक मात्रेत सुरू करून पाच ते सात दिवसांत उतरवत शून्यावर आणतात. यकृत खूप खराब असेल किंवा रुग्ण वृद्ध असेल तर ही औषधे शरीरात साचतात. अशा वेळी लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम निवडले जाते. तुमच्या हातातल्या यकृताच्या अहवालाशी आदेश जुळत नसेल तर गोळी देण्याआधी विचारावे. आदेशात रोजची मात्रा, वेळा, उतरण, मात्रा रोखण्याची अट आणि अखेरची तारीख लिहिलेली असली पाहिजे. चिठ्ठीवर ‘गरज पडल्यास’ हे दोनच शब्द दिसले, तर पेन खाली ठेवून डॉक्टरांना फोन करावा. लक्षणे पाहून मात्रा ठरवण्याची पद्धत चोवीस तास प्रशिक्षित देखरेख असलेल्या वॉर्डासाठी आहे; घरातल्या माणसावर तो निर्णय टाकता येत नाही.

५. पहिली मात्रा समोर द्या आणि शक्यतो दोन तास बसवून ठेवा. त्यानंतर मोजमापे आणि गुण पुन्हा घ्यावेत. थरथर कमी झाली आहे, रुग्ण जागा आहे, चालताना झोकांड्या जात नाहीत, एवढे पाहिल्याशिवाय त्याला घरी सोडू नये.

६. औषध थोडेच द्या. एका वेळी एक दिवसाचे, फार तर दोन दिवसांचे. पूर्ण आठवड्याची पाकिटे एकदम दिल्यास अतिमात्रेचा धोका राहतो, गोळ्या दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि रुग्णाला रोज येण्याचे कारणही उरत नाही.

## टप्पा ५ : लक्षणांचे गुण नीट मोजणे

सीवा-एआर या मापनपट्टीत दहा बाबी आहेत : मळमळ व उलटी, कंप, घाम, चिंता, अस्वस्थ हालचाल, स्पर्शाचे भास, ऐकण्याचे भास, दिसण्याचे भास, डोकेदुखी आणि भान. पहिल्या नऊंना ० ते ७ आणि भानाला ० ते ४ असे गुण, म्हणजे कमाल ६७. साधारणपणे १० पेक्षा कमी गुण सौम्य, १० ते १८ मध्यम आणि १९ किंवा अधिक तीव्र समजले जातात. पट्टी भरायला काही मिनिटेच लागतात, आणि ती घाईने भरली जाते तेव्हाच बिघडते.

कंप पाहताना रुग्णाला दोन्ही हात समोर ताणून बोटे फाकवायला सांगावे. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आपली बोटे त्याच्या बोटांच्या टोकांना टेकवल्यावर बारीक थरथर जाणवते, तर १. ताणलेल्या हातांत मध्यम थरथर दिसते, तर ४. हात मांडीवर ठेवलेले असतानाही तीव्र थरथर दिसते, तर ७. घामासाठी तळहात धरून पाहावा. तळवे जेमतेम दमट असतील तर १, कपाळावर थेंब स्पष्ट दिसत असतील तर ४, अंग निथळत असेल तर ७. खुर्चीवर चुळबुळ करणारा आणि एका जागी न टिकणारा रुग्ण अस्वस्थ हालचालीत ४ पर्यंत जातो. सतत येरझारा घालणारा ७ पर्यंत.

भान तपासताना ‘आज कोणती तारीख?’ विचारण्याबरोबर ओळीने बेरीज (एकच संख्या पुन्हा पुन्हा मिळवत जाणे) करायला सांगावे. तारीख दोन दिवसांपेक्षा जास्त चुकत असेल तर ३, आणि आपण कुठे आहोत किंवा समोर कोण आहे हे कळत नसेल तर ४. आकडा लहान असला तरी त्याचे वजन मोठे आहे. एकूण गुण १२ असलेल्या दोन रुग्णांपैकी ज्याचे गुण चिंता आणि डोकेदुखीतून आले आहेत तो बहुधा घरी राहू शकतो. ज्याचे गुण गोंधळ आणि भासांतून आले आहेत त्याने घरी जाता कामा नये. म्हणूनच बेरजेबरोबर प्रत्येक बाबीचे गुण लिहून ठेवावेत.

या पट्टीच्या तीन मर्यादांकडे नेहमी दुर्लक्ष होते. पहिली, ती निदान करत नाही. न्यूमोनियाचा ताप, डोक्याची इजा, यकृताच्या बिघाडाने आलेला गोंधळ किंवा अफूजन्य पदार्थांचे विथड्रॉवल यांनीही गुण वाढतात. दुसरी, नाडी आणि रक्तदाब तिच्या गुणांत मोजले जात नाहीत. ते वेगळे लिहावे लागतात, आणि बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारे औषध) घेणाऱ्याची नाडी तीव्र विथड्रॉवलमध्येही फसवी शांत दिसू शकते. तिसरी, ज्याच्याशी नीट संवाद होत नाही त्याच्यासाठी ती वापरता येत नाही, कारण निम्म्याहून अधिक बाबी रुग्णाच्या सांगण्यावर आहेत.

तपासून पाहा : आजचे गुण कालच्या कागदावरून तर उतरले गेले नाहीत ना? दोन दिवस दहाही बाबींत तेच गुण सहसा येत नाहीत.

## टप्पा ६ : दुसरा ते पाचवा दिवस

रुग्णाला रोज पाहावे, निदान पहिले पाच दिवस. प्रत्यक्ष येणे खरोखरच अशक्य असेल त्या दिवशी फोनवर बोलावे. पण फोन हा तपासणीचा पर्याय नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर मुळीच नाही.

प्रत्येक भेटीत हाच क्रम ठेवावा : शेवटच्या भेटीनंतर प्यायला का, किती गोळ्या घेतल्या आणि किती उरल्या, झोप, जेवण, पाणी, लघवी; मग मोजमापे, गुण, चाल आणि डोळे; त्यानंतर सोबतच्या व्यक्तीशी वेगळे बोलणे; आणि शेवटी पुढचे औषध. गोळ्या मोजण्याआधी पुढचे पाकीट देऊ नये.

झोपेत बोलणे, पलंगावरचे काहीतरी झटकत राहणे, संध्याकाळी ओळखीच्या खोलीत वाट चुकणे, या गोष्टी ओपीडीत सकाळी दिसत नाहीत. त्या सोबतच्या व्यक्तीलाच विचाराव्या लागतात, आणि त्याही नेमक्या शब्दांत. ‘रात्र कशी गेली?’ या प्रश्नाला ‘ठीक’ असे उत्तर मिळते. ‘रात्री ते हवेत हात फिरवत होते का?’ या प्रश्नाला वेगळेच उत्तर मिळू शकते.

मात्रा कमी पडते आहे आणि मात्रा जास्त होते आहे, या दोन्ही शक्यता रोज तपासाव्यात. पेंग, बोबडे बोलणे आणि तोल जाणे दिसले किंवा श्वसनगती मिनिटाला १२ च्या खाली गेली तर पुढची मात्रा रोखून डॉक्टरांना कळवावे. गुण वाढत असतील तर ठरलेल्या उतरणीप्रमाणे मात्रा कमी करण्याआधीच कळवावे. वेळापत्रकात आज कमी करायचे लिहिले आहे म्हणून घामाघूम रुग्णाची मात्रा कमी करणे हा शिस्तीचा चुकीचा अर्थ आहे.

पाणी थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे. ‘शरीर धुऊन निघेल’ म्हणून बळेच भरपूर पाणी पाजू नये. चहा-कॉफीने थरथर आणि निद्रानाश वाढतो. झोप लागत नाही म्हणून दुकानातून आणलेली झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारे सर्दीचे औषध घेऊ नये, हे दर भेटीत पुन्हा सांगावे.

मध्येच प्यायल्याचे कळले तर रुग्णाला फटकारू नये. पुढच्या वेळी तो सांगणार नाही एवढेच त्यातून साध्य होते. पुढची मात्रा थांबवावी, उरलेल्या गोळ्या परत घ्याव्यात आणि उपचार चालू ठेवायचा, बदलायचा की दाखल करायचे, याचा निर्णय डॉक्टरांकडून त्याच दिवशी घ्यावा.

## टप्पा ७ : केव्हा थांबायचे आणि रुग्णालयात पाठवायचे

पुढीलपैकी काहीही दिसले तर पुन्हा गुण मोजत बसू नये. रुग्णवाहिका बोलवावी :

- फिट, ती एकच आणि थोडा वेळ असली तरी;
- नवा गोंधळ, किंवा खऱ्या वाटणारे भास;
- ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, किंवा मिनिटाला १२० च्या वर टिकून राहिलेली नाडी;
- गुण १९ किंवा अधिक, अथवा औषध देऊनही चढते गुण;
- न थांबणारी उलटी, रक्ताची उलटी किंवा काळे शौच;
- डोळ्यांची असामान्य हालचाल किंवा नव्याने आलेली लटपटती चाल;
- हाक मारून जाग न येणे, किंवा श्वसनगती १० च्या खाली;
- आत्महत्येचा विचार बोलून दाखवणे.

फिट चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये आणि वेळ मोजावी. पाठवताना सोबत चिठ्ठी द्यावी, त्यात शेवटच्या घोटाची वेळ, दिलेल्या सर्व मात्रा वेळेसह, थायमिन दिले की नाही, शेवटची मोजमापे आणि रक्तातील साखर असावी. ही चिठ्ठी पहिल्या दिवसापासून रोज भरत गेले तर आणीबाणीत फक्त शेवटची ओळ लिहायची उरते.

## टप्पा ८ : औषध संपताना

शेवटची गोळी संपण्याआधीच पुढची भेट ठरवावी. विथड्रॉवल ओसरले म्हणजे व्यसनाचा उपचार झाला असे नाही. पुन्हा न पिण्यासाठीची औषधे आणि समुपदेशन याच आठवड्यात सुरू व्हावे लागते. त्यासाठी परिचारिकेने डॉक्टरांसमोर तीन कागद ठेवावेत. अ‍ॅकॅम्प्रोसेटचा विचार असेल तर मूत्रपिंडाचा अहवाल. नाल्ट्रेक्सोनचा विचार असेल तर यकृताचा अहवाल आणि रुग्ण अफूजन्य औषध घेत नसल्याची खात्री. डायसल्फिरामचा विचार असेल तर शेवटच्या घोटाची वेळ आणि रुग्णाची समजून दिलेली लेखी संमती. डायसल्फिराम रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळण्याची विनंती नातेवाइकांकडून येते. ती स्पष्टपणे नाकारावी, कारण त्या औषधावर दारू घेतल्यास जिवावर बेतू शकते.

शांततेची गोळी ठरलेल्या तारखेला बंद झाली पाहिजे. झोप पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगितले नसेल तर रुग्ण आठव्या दिवशी त्याच गोळ्या मागायला येतो आणि दारूच्या जागी दुसरे अवलंबन सुरू होते. थायमिन मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालूच ठेवावे. उदासी आणि आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न याही भेटीत पुन्हा विचारावा. दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचे उत्तर बदललेले असू शकते.

फाइल बंद करण्यापूर्वी एक नोंद वेगळ्या पानावर, सहज सापडेल अशी करावी : या खेपेस सर्वाधिक गुण किती गेले आणि कितव्या तासाला, कोणत्या औषधाची एकूण किती मात्रा लागली, भास किंवा फिट झाली का, आणि सोबत कोण होते. हाच रुग्ण पुन्हा आला तर टप्पा १ मधील निम्म्या प्रश्नांची खात्रीची उत्तरे त्या पानावर असतील, आणि तेव्हा त्याला घरी ठेवायचे की दाखल करायचे हे त्याच्या आठवणीवर सोडावे लागणार नाही.